सळई पाहिली, खालची माती नाही पाहिली : एका सभामंडपाच्या पडलेल्या स्लॅबचं प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातलं हजार-बाराशे वस्तीचं गाव आहे, नाव टाकत नाही कारण माणसं अजून तिथंच राहतात आणि मलाही तिथं जावं लागते. मी डिप्लोमा सिव्हिल, तालुक्याच्या ठिकाणी एक छोटं ऑफिस, घराचे नकाशे, एस्टिमेट, बँकेच्या लोनचे कागद असं सगळं करतो. गावातल्या मंदिरासमोर सभामंडप बांधायचा होता, वर्गणीतून, म्हणजे टेंडर नाही, मोठा ठेकेदार नाही आणि कागदावर इंजिनीअर म्हणून कोणीच नाही. समितीतले एक काका ओळखीचे होते, ते म्हणाले साहेब नकाशा द्या आणि स्लॅबच्या आधी एक चक्कर मारून जा, देवाचं काम आहे. मी हो म्हणालो, पैसे घेतले नाहीत. पैसे घेतले नाहीत हे पुढे दोन-तीन जागी बोललो, पण त्यानं काही फरक पडत नाही हे आता समजते.

मंडप ३० बाय ४० फूट, म्हणजे १२ ब्रासचा स्लॅब (१०० चौरस फुटाचा एक ब्रास), जाडी ५ इंच, उंची जोत्यापासून १४ फूट, कारण समितीला पंखे उंच पाहिजे होते आणि मंदिराच्या दरवाज्यापेक्षा मंडप ठेंगणा दिसू नये असा आग्रह होता. साध्या घराचा स्लॅब दहा-साडेदहा फुटावर असतो, तिथं टेकूची एक बल्ली, म्हणजे गोल लाकडी वासा, जमिनीपासून स्लॅबपर्यंत पुरते. १४ फुटाला नाही पुरत. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागते.

काम कसं वाटलं होतं तेही सांगतो, कारण अर्धी भानगड तिथंच आहे. कॉलम-बीमचं काम गावातल्या मिस्त्रीकडे. लोखंड बांधायला शेजारच्या गावची जोडी. सेंट्रिंग, म्हणजे ओला स्लॅब धरून ठेवणारे टेकू आणि साचा, दुसऱ्या एका काकांकडे ब्रासच्या रेटवर, त्यांच्यासोबत त्यांचा पुतण्या आणि दोन पोरं. आणि स्लॅबच्या दिवशी मिक्सर-लिफ्टवाली गँग, ती बाहेरची, तेही ब्रासवर, सकाळी येणार, माल म्हणजे ओलं काँक्रीट टाकणार, संध्याकाळच्या आत पैसे घेऊन दुसऱ्या गावी जाणार. म्हणजे ज्यानं टेकू लावले त्याला वर माल कसा पडणार हे माहीत नाही, आणि जो माल टाकतो त्यानं खालचे टेकू कधी पाहिलेच नाहीत. या दोघांच्या मधात उभं राहून हो किंवा नाही म्हणणारा माणूस कोण, असं त्या वेळी विचारलं असतं तर सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं असतं आणि मी समितीकडे.

घाई का होती तेही विदर्भातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. जून लागला होता, मृग तोंडावर. एकदा पेरणी लागली की लेबर भेटत नाही, मिक्सर गँगचे अर्धे लोक स्वतःच्या नाहीतर दुसऱ्याच्या वावरात असतात, मग स्लॅब सरळ पोळ्याच्या पुढं जाते. प्लेटांचं (ज्यावर माल ओततात ते लोखंडी पत्रे) भाडं रोजचं चढून राहिलं होतं. समितीनं तारीख धरली आणि जेवणाचं सामान पण आणून ठेवलं, स्लॅबच्या दिवशी गावजेवण.

आदल्या दिवशी संध्याकाळी मी गेलो. शिडीनं वर चढलो, सळईचं अंतर मोजलं, कव्हर ब्लॉक पाहिले, बीमच्या रिंगा पाहिल्या, एका जागी एक्स्ट्रा बार सुटला होता तो टाकायला लावला, फोटो काढले. चांगलं काम होतं खरं तर, लोखंडवाल्या जोडीचा हात साफ आहे. मग खाली उतरून बाहेरूनच एकदा मान वाकवून आत पाहिलं, अंधार पडत आला होता, बल्ल्यांचं जंगल दिसलं, खाली मुरूम पसरलेला दिसला, म्हटलं ठीक आहे. सेंट्रिंगवाल्या काकांना विचारलं, "टेकू बरोबर आहेत ना जी?" ते म्हणाले, "हालत नाई साहेब, तीस वर्षं झाले हेच करून रायलो." मी म्हणालो टाका उद्या.

त्या संध्याकाळी मी आत शिरून खाली बसलो असतो, आणि हातातली सळई त्या मुरुमात एकदा खुपसली असती तर हे लिहायची पाळीच आली नसती. पण आपल्याकडे स्लॅब चेक करणं म्हणजे लोखंड चेक करणं. फोटो पण वरूनच निघतात.

त्या मुरुमाखाली काय होतं ते नंतर समजलं. जोतं जमिनीपासून तीन फूट उंच घेतलं होतं आणि आतला भराव म्हणून गावातल्या एका शेतकऱ्यानं शेततळ्याच्या खोदकामातली माती फुकटात दिली होती, देवाचं काम म्हणून, दहा-बारा ट्रॉल्या. काळी माती. एप्रिल-मेमध्ये टाकलेली, म्हणजे दगडासारखी वाळलेली ढेकळं, एकावर एक पडलेली, मधात पोकळ. त्याच्यावर ना पाणी मारलं, ना धुम्मस केली म्हणजे ठोकून दाबली, वरून तीन-चार इंच मुरूम टाकून लेव्हल केली की झालं. वरून पाहणाऱ्याला मुरुमाचा भराव. वाळलेली असते तोपर्यंत ही माती बैलगाडी पण सांभाळते, आपण सगळ्यांनी वावरात पाहिलेलं आहे, आणि एक दमदार पाऊस पडला की त्याच जागी चप्पल निघत नाही.

रात्री पाऊस आला. फार नाही, तास-दीड तास, पण वाऱ्यासकट. आणि जोतं म्हणजे काय, चारही बाजूंनी बांधलेली टाकी. वरून प्लेटांच्या फटीतून गळलेलं पाणी, बाजूनं आत आलेलं पाणी, कुठंच जायला वाट नाही, ते सगळं भरावात मुरलं. सकाळी मिक्सरसाठी पाण्याचे ड्रम उत्तर बाजूला जोत्याच्या काठाला लावले, पाइप चालूच, ड्रम भरून सांडत होते, तेही आतच. सकाळी मुरूम वरून ओला दिसत होता इतकंच, त्यात कोणाला काही वाटलं नाही, उलट एक जण म्हणाला बरं झालं, धूळ नाही उडणार.

आता त्या टेकूंचं गणित, कारण नुसतं "माती धसली" म्हटलं की पावसावर ढकलून मोकळं होता येते. ओल्या काँक्रीटचं वजन लोखंडासकट घनमीटरला साधारण २५०० किलो धरतात. ५ इंची स्लॅब म्हणजे दर चौरस फुटाला २९ किलो, एका ब्रासला जवळपास २.९ टन, १२ ब्रासचे ३५ टन, बीम वेगळे. बोलणं झालं होतं तीन फुटावर टेकू लावायचं. प्रत्यक्षात उत्तरेकडच्या दोन गाळ्यांत (गाळा म्हणजे चार कॉलमांमधली जागा) बल्ल्या कमी पडल्या म्हणून आडव्या बल्लीखाली चार-चार फुटावर लावले. तीन बाय चार, एका टेकूच्या वाट्याला १२ चौरस फूट, साडेतीनशे किलो माल. वर माणसं, प्लेटा, लाकूड, व्हायब्रेटर पकडलं तर साडेचारशेच्या घरात. बल्लीला हे काही जास्त नाही. पण बल्लीचा बुड चार इंची, तेवढ्या गोलावर साडेचारशे किलो म्हणजे चौरस मीटरच्या हिशेबानं ५५ टन दाब. मऊ चिकणमातीला १० टन धरतात, अगदीच मऊ असली तर ५. म्हणून बुडाखाली काहीतरी देतातच, आणि आपल्याकडे काय देतात तर वीट. पूर्ण वीट दिली तरी १९-२० टन होतात. इथं बऱ्याच जागी अर्धी वीट होती, म्हणजे ३८-३९ टन. आणि हेच टेकू एका सलग ९ इंची फळीवर ठेवले असते तर एका टेकूला तीन चौरस फूट फळी भेटते, दाब दीड-पावणेदोन टनावर येते. फळी थोडी वाकते म्हणून इतकं सारखं वाटप होत नाही हे खरं, दुप्पट धरा, तरी साडेतीन टन. कुठं ३९ आणि कुठं साडेतीन. फळीच्या जागी अर्धी वीट, एवढाच फरक.

दुसरी गोष्ट ती १४ फुटाची. काकांकडच्या बल्ल्या नऊ-दहा फुटाच्या, म्हणून त्याला पाच-सहा फुटाचा तुकडा जोडलेला, फूटभर एकमेकावर घेऊन बाइंडिंग वायरचे तीन-चार वेढे. सरळ खाली वजन आलं तर असा जोड धकून जाते, पण बुड जरासं सरकलं की जोड कोपरासारखा वाकते. उभ्या खांबाचा एक नियम आहे, मधात कुठं बांधलेला नसला आणि उंची दुप्पट झाली की वाकण्याविरुद्धचा त्याचा दम अर्धा नाही, चौथा हिस्सा राहते. म्हणूनच उंच सेंट्रिंगला मधात आडव्या बल्ल्यांनी दोन्ही दिशेनं बांधायचं असते आणि तिरप्या कैच्या मारायच्या असतात. ते लाकूड वजन उचलत नाही म्हणून ब्रासवर काम घेणाऱ्याला ते फुकटचं वाटते. इथं मधातली आडवी बल्ली फक्त बाहेरच्या रांगेला होती, जिथून ती दिसते. कैची एकही नव्हती.

आता तो दिवस.

साडेसहाला मिक्सर सुरू झाला, लवकर यासाठी की अकरानंतर प्लेटा तव्यासारख्या तापतात. मी दुसऱ्या साइटवरून साडेदहाला पोचलो. दक्षिणेकडून सुरुवात करून अर्ध्यापेक्षा जास्त झालं होतं, लिफ्ट उत्तर बाजूला, म्हणजे नेमकी त्या कमी टेकूवाल्या गाळ्याशी. बादली वर येते, ओतते, घमेलेवाले तिथून उचलून पसरवतात. गँगचा हात वेगात होता, पसरवणारे कमी पडत होते, तर लिफ्टच्या तोंडाशी ढीग साचत होता, कधी दीड फूट, कधी दोन. दोन फूट ढीग म्हणजे चौरस फुटाला १४० किलो, जिथं हिशेब २९ चा. ढीग शंकूसारखा असते म्हणून निम्मं धरा, तरी एका टेकूवर दुपटीच्या वर. मी तो ढीग पाहिला. म्हणालो पण, "अरे पसरवा रे लवकर." ते हो म्हणाले. त्यांनी पसरवला आणि पुन्हा साचला.

नंतर सगळ्यांशी बोलून मी वेळ जुळवली, तर दिसते की स्लॅबनं तीनदा सांगितलं होतं.

पहिल्यांदा नऊ-सव्वानऊला. पाणी देणारं एक पोरगं खालून ओरडलं, "मिस्त्री, इथून लय टपकून रायलं." सिमेंटचं पाणी, एकाच जागी, धार लागल्यासारखं. थोडंफार सगळीकडेच गळते, पण आधी न गळणारी जागा अचानक गळायला लागली तर त्याचा अर्थ दोन प्लेटांमधली फट उघडली, आणि फट उघडली म्हणजे खालचं काहीतरी बसलं. मिस्त्रीनं वरून सिमेंटच्या थैलीचा कागद कोंबला. गळणं थांबलं.

दुसऱ्यांदा दहाच्या आसपास. लेव्हलची दोरी लावली तर त्या गाळ्यात माल एक इंचानं खाली दिसला. आता इथं थांबून पाहायला पाहिजे होतं की माल कमी पडला की खालची प्लेट खाली गेली. त्यांनी काय केलं, वरून अजून माल टाकून लेव्हल बरोबर केली. जिथं बसत होतं तिथंच अजून वजन, हे शांत डोक्यानं वाचताना वेडेपणा वाटते, पण वर उन्हात उभं राहून, मागं बादली लटकलेली असताना, हाताला तेच सुचते. मला पण सुचलं असतं.

तिसऱ्यांदा पावणेअकराला, मी तिथंच होतो, लिंबाखाली चहा घेत होतो. आत काहीतरी पडल्याचा आवाज आला, लाकडाचा, टक् करून. काका म्हणाले पाचर सुटली असंन. पुतण्या हातोडी घेऊन उठला. काका म्हणाले थांब बे मी जातो, तो म्हणाला बसा तुमी काका, चहा प्या. आणि आत गेला.

वर मिक्सर चालूच. कोणी थांबवा म्हटलं नाही, मीही नाही म्हटलं. इथल्या प्रत्येक स्लॅबला सेंट्रिंगवाला हातोडी घेऊन खाली फिरतोच, त्यात कोणाला काही वावगं दिसत नाही, उलट जो फिरत नाही त्याला कामचुकार म्हणतात.

पुतण्यानं जे केलं ते त्याच्या शिकण्याप्रमाणं बरोबरच केलं. ढिल्या टेकूला पाचर मारून कसला. पण तो टेकू ढिला यासाठी होता की बाजूचे दोन बसले होते आणि प्लेट तिरपी होऊन एका कोपऱ्यावर उचलल्या गेली होती. त्यानं ठोकल्याबरोबर तिथं वजन एकदम आलं, विटेचा तुकडा कलंडला, बुड सरकलं, जोड वाकला. त्याचं वजन शेजारच्यावर, तो आधीच अर्धा धसलेला. त्यानंतर मोजायला वेळ नव्हता. मी आवाज ऐकला तो धडाम असा नव्हता, आधी कटकटकट असा, जसं कोणी कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या मोडून राहिलं, आणि मग एक जड, ओला आवाज. दोन गाळे खाली आले, तीन ब्रास, म्हणजे नऊ टनाच्या आसपास.

वर सहा जण होते. चार जण बीमवर किंवा पलीकडे होते ते वाचले, दोघं मालासोबत खाली आले, पण त्यांच्या पायाखाली सळईची जाळी होती आणि ती एका बाजूनं बीमला धरून राहिली, झुल्यासारखी, म्हणून ते घसरत आले. एकाचं मनगट मोडलं, एकाला खरचटलं. पुतण्या पळत होता, अर्ध्याच्या वर बाहेर आला होता, उजवा पाय मांडीपासून खाली आडव्या बल्लीखाली आणि तिच्यावर प्लेटा, जाळी आणि माल.

पुढची पंचवीस मिनिटं कोणत्याही ट्रेनिंगमध्ये सांगत नाहीत म्हणून लिहितो. पहिली गोष्ट झाली ती ही की वीस-पंचवीस लोकं एकदम आत धावले, आणि उरलेला नऊ ब्रास ओला स्लॅब त्यांच्या डोक्यावर त्याच टेकूंवर उभा होता. मिस्त्रीनं, हे त्याचं मोठेपण, शिव्या देऊन देऊन लोकं बाहेर काढले आणि जेवणासाठी आणलेल्या मंडपाच्या बल्ल्या आणून तुटलेल्या काठाखाली चार टेकू ठोकले, बुडाखाली यावेळी दरवाजाची फळी टाकून. दुसरं, कोणीतरी जेसीबी आणला. प्लेटांना साखळी बांधून ओढू म्हणत होते. जाळी सगळी एकाला एक बांधलेली असते, इकडून ओढलं की तिकडून, पायावरून, सगळं सोबत सरकते. मी आडवा आलो, ओढू दिलं नाही, त्या दिवशी मी केलेलं हेच एक काम. पकडीनं बाइंडिंग वायर तोडली, ग्राइंडरनं दोन सळया कापल्या, माल घमेल्यानं आणि हातानं काढला, मग चौघांनी बल्ली उचलली. त्याच्या तोंडावरचा, डोळ्यातला माल मिस्त्रीच्या बायकोनं मडक्यातल्या पाण्यानं धुतला, एक मडकं संपलं तर दुसरं. तिला कोणी सांगितलं नव्हतं, पण ते फार बरोबर होतं.

१०८ ला फोन केला होता, गाडी आली. यवतमाळला डॉक्टरनं पहिला प्रश्न विचारला तो हाच की पाय किती वेळ दबून होता. मला वाटलं असंच विचारून राहिले. नंतर समजलं की मांस बराच वेळ दबून राहिलं आणि मग एकदम मोकळं झालं की त्यातले घाण पदार्थ रक्तात उतरतात, किडनीवर येते, म्हणून वेळ लिहून घेतात. मांडीचं हाड मोडलं होतं, रॉड टाकला. पाय राहिला.

एक गोष्ट दुसऱ्या दिवशी दिसली. उघड्या हातानं माल काढणाऱ्या सात-आठ जणांची कातडी सोलल्यासारखी झाली, एकाच्या घोट्यावर बुटाच्या आत ओला माल तसाच राहिला होता तिथं चांगला खोल फोड. ओला सिमेंट-माल चुन्यासारखा तीव्र असते, पीएच १२-१३, लागते तेव्हा आग होत नाही म्हणून माणूस धूत नाही, आणि रात्रीतून पोळते. रोज माल टाकणाऱ्यांना हे माहीत असते, पण "हात फाटले" म्हणून खोबरेल लावून पुढं.

तिसऱ्या दिवशी मलबा काढताना मी आणि काका दोघंच आत होतो. पडलेल्या गाळ्यातले टेकूचे खड्डे जसेच्या तसे होते. चार इंच, सहा इंच, एक तर हातभर. खड्ड्यात अर्धी वीट, काही सपाट बसलेली, बऱ्याच तिरप्या, एक पूर्ण उभी. मी उरलेल्या सळईचा तुकडा घेतला आणि मुरुमावर ठेवून नुसता हातानं दाबला, दीड फूट आत गेला, मग वर काढला तर टोकाला काळा गारा. काका पाहत होते. म्हणाले, "मले वाटलं मुरूमच हाय जी सगळा." मग थोड्या वेळानं, "मी इचारलंच नाई." मी पण नव्हतं विचारलं.

गावात तोपर्यंत कारणं तयार होती. पावसानं पडलं. मुहूर्त चुकला. रेती मातीमिश्रित होती. समितीतल्या एकानं तर सिमेंटच्या थैलीवरची तारीख काढून फोटो फिरवला. आता ओल्या मालाला ताकद कशाची असते? नदीची सर्वात चांगली रेती, ताजं सिमेंट, मोजून पाणी, सगळं केलं तरी पहिल्या दिवशी तो माल म्हणजे नुसतं वजन आहे, त्याला टेकूच धरून ठेवते. स्लॅब भरताना पडला तर काँक्रीटकडे पाहायचंच नाही, खाली पाहायचं. पण रेतीवर बोट ठेवणं सोपं, कारण रेतीवाला गावचा नव्हता.

पोलीस आले, पंचनामा झाला. नुकसानभरपाईचं मिटिंगमध्ये मिटलं, समिती, मिस्त्री आणि मिक्सरवाला मिळून पावणेदोन लाख, त्यातले काही अजून यायचे आहेत असं ऐकतो. बांधकाम कामगार म्हणून कामगार कल्याण मंडळात नोंदणी पुतण्याची नव्हतीच. वय १८ ते ६० आणि वर्षात ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागते, आणि जो माणूस आज या गावात, उद्या त्या गावात, चार महिने वावरात, त्याला ९० दिवस लिहून देणार कोण, ठेकेदार म्हणते ग्रामसेवकाकडे जा, ग्रामसेवक म्हणते ठेकेदाराचं आण. शेवटी नोंदणी झाली, पडल्यानंतर. आणि मला एक गोष्ट या प्रकरणात पहिल्यांदा वाचायला भेटली, तेव्हा लागू असलेला १९९६ चा बांधकाम कामगार कायदा दहा किंवा जास्त कामगार असले की लागू होते, पण ते रोज दहा पाहिजे असं नाही, मागच्या बारा महिन्यांत कोणत्याही एका दिवशी दहा असले तरी पुरे. स्वतःचं घर दहा लाखाच्या आतलं असलं तर सूट होती, मंडपाला कुठली. इथं रोज पाच-सहाच जण होते. स्लॅबच्या दिवशी सव्वीस. म्हणजे गावखेड्यातलं जवळजवळ प्रत्येक काम त्या एका दिवसासाठी कायद्यात येत होतं आणि त्याच दिवशी तिथं कायद्याचं कोणी नसते.

दुसऱ्यांदा स्लॅब दिवाळीनंतर टाकला. उरलेले नऊ ब्रास तपासून ठेवले होते, तुटलेल्या काठाचं लोखंड मोकळं करून जोड घेतला, ते लांबण लावत नाही. भराव मात्र दोन गाळ्यांत दीड फूट खोदून काढला, मुरूम थराथरानं टाकला, पाणी मारून धुम्मस केली, आणि यावेळी मी सळई खुपसून पाहिली, चार बोटंही आत जाईना. खाली सलग फळ्या. लोखंडी जॅक भाड्यानं आणले, तर त्यातल्या पाच-सहाच्या पिना हरवलेल्या आणि त्या जागी आठ एमएमचे सळईचे तुकडे घातलेले होते, ते परत पाठवले, भाडेवाला नाराज झाला. मधात दोन थर आडवे बांधले, दोन्हीकडून कैच्या. लिफ्ट बीमच्या कॉलमजवळ घेतली आणि मिक्सरवाल्याला आधीच सांगितलं की ढीग गुडघ्याच्या वर गेला तर मिक्सर बंद, रेट वाढवून घे पाहिजे तर. त्यानं घेतला.

आणि एक काम काकांनी स्वतःच्या डोक्यानं केलं. प्रत्येक गाळ्याच्या मधात प्लेटेला बांधून एक सरळ बांबूची कामटी खाली लोंबत सोडली, तिच्या शेजारी एक खुंटी वेगळी ठोकली, टेकूला न लागता, आणि दोन्हीवर एका रेषेत पेन्सिलची खूण. प्लेट खाली बसली की कामटीची खूण खुंटीच्या खुणेखाली जाणार. हे बाहेरून दिसते, आत जायची गरज नाही. काका सकाळपासून जोत्याच्या काठावर स्टूल टाकून बसले, शिट्टी घेऊन. ठरलं होतं की खूण दोन सूत, म्हणजे पाव इंच, हलली की शिट्टी, शिट्टी झाली की मिक्सर बंद आणि वरचे सगळे बीमवर, आणि काही झालं तरी हातोडी घेऊन आत कोणी जायचं नाही. दुपारी एका गाळ्यात सूतभर हलली. काकांनी दोन सूत व्हायची वाट पाहिलीच नाही, शिट्टी मारली. अर्धा तास सगळे थांबले, मिक्सरवाला कुरकुरला, ती खूण तिथंच राहिली, मग पुढं चालू केलं.

टेकू काढायची घाई तेव्हाही झालीच, प्लेटा दुसरीकडे लागत होत्या. काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक आयएस ४५६, त्यात साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवस, त्यावर १४, आणि बीमचे सहा मीटरपर्यंत १४ दिवस, त्यावर २१ असे दिले आहेत, पण ते साध्या सिमेंटसाठी, आपल्याकडे दुकानात भेटते ते बहुतेक राखवालं पीपीसी, ते हळू पकडते, आणि तेव्हा थंडी होती. मी बीमखालचे २१ दिवस ठेवायला लावले. समितीतल्या काकांनी तोंड वाकडं केलं पण ठेवले.

पुतण्या आता सेंट्रिंगवर येत नाही, चौकात मोबाइल रिचार्ज आणि झेरॉक्सचं दुकान टाकलं आहे, थोडा लंगडतो, थंडीत जास्त. काकांचं काम चालू आहे.

त्या ९ इंची फळ्या समितीनं विकत घेतल्या होत्या, भाड्यानं कुठं भेटल्याच नव्हत्या. त्या आता मंदिराच्या खोलीत महाप्रसादाच्या गंजांशेजारी (मोठी पातेली) ठेवलेल्या असतात आणि गावात ज्याचा स्लॅब असंन तो वहीत नाव लिहून घेऊन जाते, गंज नेते तसाच. मागच्या वेळी गेलो तर मोजल्या, चोवीस होत्या त्या बावीस निघाल्या. दोन कोणाकडे आहेत सगळ्यांना माहीत आहे, त्याच्या गोठ्याचा दरवाजा झाला आहे, पण मागायला कोण जाईन.